दोन चावीची घड्याळं समोरासमोर: तुलना कशी करायची आणि किंमत कधी विचारायची

लग्नसराई जवळ आली की कोणी ना कोणी दोन घड्याळं घेऊन माझ्याकडे येतं. एक वडिलांचं किंवा आजोबांचं, रोज चावी भरायचं. दुसरं नवं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं), जाडजूड, चकचकीत. "भाऊ, यातलं चांगलं कोणतं?" मी काही बोलायच्या आत शेजारचा विचारतो, "हाई कितलानी शे?" किंमत ऐकली की सगळ्यांचा निकाल लागलेला असतो.

गंमत म्हणजे हीच माणसं जळगावच्या सराफ बाजारात किती सावध असतात. सोन्याचा भाव वेगळा विचारतील, घडणावळ वेगळी विचारतील, हॉलमार्क पाहतील, काट्यावर वजन होताना पंखा बंद करायला लावतील. घड्याळाच्या बाबतीत मात्र सगळं एका आकड्यात गुंडाळून मोकळे. खाली दिलेला क्रम सराफाचाच आहे: आधी माल ओळखा, मग तोला, मग घडण पाहा, भाव सगळ्यात शेवटी.

उदाहरणाला माझीच जोडी घेतो. पहिलं एचएमटी जनता: हाताने चावी भरायचं, १७ ज्वेल (चाकांच्या टोकांशी घर्षण कमी करणारे बारीक खडे), तासाला १८,००० ठोके, तारीख नाही, साधारण ३५ मिमीचं, जुन्या बाजारातून अडीच हजारांना घेतलेलं. दुसरं सीको ५ स्पोर्ट्स: आत ४आर३६ मशीन, ऑटोमॅटिक, २४ ज्वेल, तासाला २१,६०० ठोके, ४२.५ मिमी, पहिल्याच्या दहापट पैसे. तुमची जोडी वेगळी असली तरी पद्धत हीच.

तयारी: काय काय जवळ हवं

एक वही किंवा कागद. फोन, ज्यात वेळ आपोआप जुळायची सेटिंग चालू आहे. घड्याळाची टिकटिक ऐकून वेग दाखवणारं टाइमग्राफर ॲप, फुकटचं चालेल. मोजायला व्हर्नियर, तो नसेल तर लेथवाल्याकडे किंवा सराफाकडे दोन मिनिटांसाठी मिळतो. आणि तीन आठवडे. शेवटची गोष्ट कोणाकडेच नसते, म्हणून तर तुलना चुकते.

वहीत प्रत्येक घड्याळाला एक पान द्या. रकाने पाचच: तारीख, वाजले किती, घड्याळ किती सेकंद पुढे-मागे, कालच्यापेक्षा फरक, आणि रात्री कसं ठेवलं होतं. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि नंतर आकड्यांचा अर्थ लागत नाही म्हणून डोकं खाजवतात.

पहिल्या ओळीत एक वाक्य लिहा: ही तुलना कशासाठी? रोज दुकानात घालायला एक निवडायचंय, जावयाला द्यायचंय, की दोन्हींतलं एक विकायचंय? विकायचं असेल तर टप्पा १ला सगळ्यात जास्त वेळ द्या. रोज घालायचं असेल तर टप्पा ४ला.

टप्पा १: माल ओळखा

डायलवरचं नाव म्हणजे मशीन नव्हे. सगळ्यात आधी आत कोणतं मशीन आहे ते शोधा. मागची काच पारदर्शक असेल तर रोटरवर (आत फिरणाऱ्या वजनावर) किंवा प्लेटवर क्रमांक कोरलेला दिसतो. सीकोच्या मागच्या झाकणावर जो क्रमांक असतो, त्यातले पहिले चार आकडे-अक्षरं म्हणजे मशीन. झाकण बंद असलेलं जुनं घड्याळ मात्र घड्याळवाल्याकडूनच उघडून घ्या. चाकूने झाकण उचकटलेली घड्याळं मी पाहिली आहेत. खरचटा बाहेर एक आणि आत दुसरा.

जुन्या घड्याळात दुसरा प्रश्न: डायल मूळचं आहे की रंगवलेलं? भिंग घ्या. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात आणि मिनिटांच्या रेषा तासांच्या ठोकळ्यांच्या बरोबर मध्यावर येतात. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं फुगलेली, रेषा तिरक्या, रंग भडक. पन्नास वर्षांचं घड्याळ आणि डायल कालच्या लग्नातल्या मंडपासारखं झगमगतंय, तर शंका घ्या. मी स्वतः एकदा जांभळ्या डायलच्या मोहात पडलो होतो. मशीन एका घड्याळाचं, काटे दुसऱ्याचे, डायल कोणा रंगाऱ्याचं. ते घड्याळ चालतं, पण त्याची तुलना कशाशीच होत नाही, कारण ते कोणतंच एक घड्याळ नाही.

*तपासणी:* दोन्ही पानांवर मशीनचं नाव, ठोके, ज्वेल आणि शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते लिहिता आलं का? सर्व्हिसिंगची तारीख माहीत नसेल तर "माहीत नाही" असंच लिहा. "वडील करायचे अधूनमधून" ही तारीख होत नाही.

ज्वेलबद्दल एक सांगून ठेवतो. २४ ज्वेल १७पेक्षा चांगले असा हिशेब करू नका. हाताने चावी भरायच्या साध्या मशीनला १७ पुरेसे असतात. ऑटोमॅटिकमध्ये चावी भरणारी यंत्रणा वाढते म्हणून ज्वेल वाढतात. तसंच ठोक्यांचं. १८,००० म्हणजे सेकंदाला पाच, २१,६०० म्हणजे सहा. जास्त ठोक्यांनी सेकंदकाटा गुळगुळीत सरकतो आणि बारीक धक्क्यांत वेग जरा स्थिर राहतो, पण पाच ठोक्यांचं नीट बसवलेलं मशीन सहा ठोक्यांच्या दुर्लक्षित मशीनला सहज मागे टाकतं.

टप्पा २: दोघांना एका रेषेत उभं करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एक घड्याळ दिवसभर हातावर होतं, दुसरं आठवडाभर कपाटात पडून आत्ता चार फेरे चावी खाऊन उठलंय, आणि आपण दोघांची वेळ ताडून पाहतो. एक जण जेवून उठलाय, दुसरा उपाशी. शर्यत कसली लावता?

१. आधी चुंबक तपासा. ठोक्यांची लय ठरवणारी केसांइतकी बारीक स्प्रिंग चुंबकली तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढे पळतं. कधी दिवसाला काही मिनिटंसुद्धा. साधं होकायंत्र घड्याळाजवळ हळूहळू न्या. सुई घड्याळाच्या ठोक्यांबरोबर थरथरली की समजा चुंबक लागलंय. घड्याळवाला चुंबक उतरवायच्या यंत्रावर ते दोन मिनिटांत काढतो. माझी जनता एकदा दिवसाला तीन मिनिटं पुढे जायला लागली. मी मशीन खराब झालं म्हणून हळहळत बसलो, आणि रात्री ती ठेवत कुठे होतो, तर स्पीकरवर.

२. मग चावी. हाताने भरायच्या घड्याळाला क्राऊन (बाजूची चावी भरायची गुंडी) अडेपर्यंत सावकाश फिरवा आणि अडला की थांबा. "जास्त चावी भरली की स्प्रिंग तुटते" या भीतीने लोक अर्धीच भरतात, आणि अर्ध्या चावीवरचं घड्याळ वेगळंच चालतं. पूर्ण भरल्याने काही होत नाही, अडल्यावर जोर लावल्याने होतं. ऑटोमॅटिकमध्ये असं अडणं येत नाही, पूर्ण भरली की आतली चावीची स्प्रिंग घसरते. ४आर३६ला हाताने पन्नास-पंचावन्न फेरे द्या. जुन्या ७एस२६ मशीनला हाताने चावी भरताच येत नाही. ते दिवसभर हातावर वापरूनच तयार करा. हलवून हलवून अर्धवट उठवलेलं घड्याळ तुलनेला घेऊ नका.

३. वेळ लावा. ४आर३६मध्ये क्राऊन पूर्ण ओढला की सेकंदकाटा थांबतो, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवता येतो. जनतेत तो थांबत नाही. त्यावरून झटापट करू नका. सुरुवातीला १७ सेकंद मागे असेल तर "-१७" लिहून टाका. आपल्याला आजची चूक मोजायची नाही, रोज ती किती बदलते ते मोजायचंय.

४. दोन्ही एकाच खोलीत २४ तास राहू द्या. मग पुन्हा पूर्ण चावी भरून मोजायला सुरुवात करा.

*सावधान:* रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात तारीख पटकन बदलायचं बटण किंवा क्राऊन वापरू नका. त्या वेळी तारखेचे दाते आतून अडकलेले असतात, जोर लावला की मोडतात. काटे आधी सहावर आणा, मग तारीख बदला.

खोलीचं तापमान हा खानदेशात वेगळा विषय आहे. सीको आपल्या घड्याळाच्या अचूकतेचा आकडा देते तो ५ ते ३५ अंशांसाठी, तोही हातावर घातलेल्या घड्याळाचा. स्वित्झर्लंडची क्रोनोमीटर (अचूकतेचं प्रमाणपत्र द्यायची) चाचणी ८, २३ आणि ३८ अंशांवर होते. भुसावळचा मे महिना या सगळ्यांच्या पलीकडे. म्हणून एक घड्याळ पत्र्याच्या दुकानात आणि दुसरं घरात असं करू नका, आणि शक्य असेल तर ही सगळी मोजणी दिवाळी ते होळीदरम्यान उरका. कूलरच्या मोटरीशेजारीही ठेवू नका.

टप्पा ३: टेबलावरची मोजणी

आता टाइमग्राफर ॲप. पंखा बंद, दार बंद, फोनचा माइक क्राऊनला टेकवून. प्रत्येक घड्याळ पाच स्थितींत मोजा: डायल वर, डायल खाली, क्राऊन वर, क्राऊन खाली, क्राऊन डावीकडे. स्थिती बदलली की अर्धा मिनिट थांबा, मग मिनिटभर आकडा घ्या.

ॲप तीन गोष्टी दाखवतं. वेग, म्हणजे दिवसाला किती सेकंद पुढे-मागे. झोका, म्हणजे बॅलन्स व्हील (आतलं मागे-पुढे झुलणारं चाक) किती अंश फिरतं. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून २५० ते ३१० अंशांत असेल तर तब्येत ठीक, २२०च्या खाली असेल तर तेल सुकलंय. आणि बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्यात किती लंगडेपणा; एक मिलिसेकंदाच्या आत असला की पुरे. झोका बरोबर यायला ॲपमध्ये लिफ्ट अँगल (त्या मशीनचा ठरलेला एक कोन) नीट भरावा लागतो. ४आर३६ला ५३, माहीत नसेल तिथे ५२ ठेवा. तो चुकला तरी वेगाचा आकडा चुकत नाही, फक्त झोका चुकीचा दिसतो.

पाच आकड्यांत सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा यांतलं अंतर लिहा. याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. डायल वर +५ दाखवणारं घड्याळ क्राऊन खाली -४० वर गेलं, तर ते +५ केवळ शोभेचं.

*तपासणी:* ॲपचा आकडा दोनदा घेतल्यावर दोन-तीन सेकंदांच्या आत येतो का? नसेल तर खोलीत आवाज आहे. मला एकदा रस्त्यावरच्या वरातीने घड्याळ बंद पडल्याचा निकाल दिला होता.

टप्पा ४: मनगटावरची मोजणी

प्रत्येक घड्याळ सलग सात दिवस, त्याच हातावर. दोन हातांत दोन घालून एकाच आठवड्यात उरकू नका. ज्या हाताने काम करता तो हात ऑटोमॅटिकला जास्त चावी भरतो आणि धक्केही जास्त देतो. रोज एकाच वेळी नोंद घ्या. चावीच्या घड्याळाला रोज त्याच वेळी, पण नोंद घेतल्यानंतर चावी भरा. आधी भरली तर काट्यांना हात लागून नोंद बिघडू शकते.

नोंदीची सोपी युक्ती: फोनवर सेकंदासह वेळ दिसत असताना शेजारी घड्याळ धरून दुसऱ्या फोनने फोटो काढा. डोळ्याने पाहून, तोंडाने आकडा बोलून, मग लिहिण्यात दोन-तीन सेकंद जातात. टीव्हीवरच्या घड्याळाशी जुळवू नका, ते प्रक्षेपण उशिरा पोहोचतं.

माझ्या वहीतला एक आठवडा, रोजचा बदल सेकंदांत:

जनता: +४, -१९, +२२, -१३, +१६, -६, +३.
सीको: +१३, +११, +१४, +१२, +१२, +१५, +१४.

आता सरासरी काढा. जनता दिवसाला +१. सीको दिवसाला +१३. आठवड्याच्या शेवटी जनता ७ सेकंद पुढे, सीको दीड मिनिट. घरच्यांनी एकमुखाने जनतेला पहिला नंबर दिला.

निकाल उलटा आहे. जनतेची रोजची चाल -१९ पासून +२२ पर्यंत, ४१ सेकंदांत हेलकावे खाते. चुका एकमेकींना खाऊन टाकतात म्हणून बेरीज सुंदर दिसते. सीको रोज पुढे जातं, पण ११ ते १५ या चार सेकंदांच्या पट्ट्यातच. जे घड्याळ रोज सारखंच चुकतं ते घड्याळवाला रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करायची बारीक दांडी) किंचित सरकवून पाच मिनिटांत सरळ करतो. रोज वेगळं चुकणारं रेग्युलेटरने सुधारत नाही, त्याला खोलून धुवावंच लागतं. म्हणून सरासरीच्या आधी रोजच्या फरकाचा पट्टा पाहा. यात मशीनचा दोष नाही, तेल माझ्या आळसाने वाळलंय, हेही त्याच आकड्यात दिसतं.

*सावधान:* कंपनीने दिलेली मर्यादा पाहिल्याशिवाय घड्याळाला नाव ठेवू नका. ४आर३६ची जाहीर मर्यादा दिवसाला -३५ ते +४५ सेकंद आहे. +१३ म्हणजे तक्रारीला जागाच नाही. प्रमाणित स्विस क्रोनोमीटरला सरासरी -४ ते +६ च्या आत राहावं लागतं. दोघांना एकच फूटपट्टी लावायची असेल तर ती कोणती, हे आधीच ठरवा.

टप्पा ५: चावी किती टिकते

पूर्ण चावी भरा, डायल वर करून ठेवा, हात लावू नका. पहारा द्यायची गरज नाही; घड्याळ जिथे थांबेल तिथे काटे वेळ सांगत उभे राहतात. फक्त सकाळची की रात्रीची हे कळायला दिवसातून दोनदा डोकावा. ४आर३६ साधारण ४१ तास चालतं. शनिवारी संध्याकाळी ६ला ठेवलं तर सोमवारी सकाळी ११च्या आसपास थांबेल. जनता माझ्याकडे ३६ तासांवर थांबली. रोज सकाळी चावी भरणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. पण आठवड्यातून दोनच दिवस घालणार असाल तर दोन्ही घड्याळं बंदच सापडणार, मग तारीख नसलेलं जनता लावायला सोपं.

टप्पा ६: घडण

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. व्हर्नियरने तीन मापं घ्या: व्यास, जाडी आणि पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी. लोक फक्त व्यास विचारतात. मनगटाबाहेर डोकावतं ते या टोकांमुळे. सदऱ्याच्या बाहीत घड्याळ जातं का, हे जाडी ठरवते; सफारीवर जनता गुपचूप सरकते, १३ मिमी जाडीचं स्पोर्ट्स घड्याळ बाही वर ढकलतं.

काच: जनतेची ॲक्रिलिक, नखाने टकटक केलं तर प्लास्टिकचा आवाज. पटकन खरचटते, पण पॉलिश करून ओरखडे जातात आणि पडल्यावर काचेसारखी फुटत नाही. सीकोची हार्डलेक्स (कंपनीची कडक केलेली काच) कमी खरचटते, पण खरचटली की बदलावीच लागते.

पाणी: डायलवर ३० मीटर लिहिलं असेल तर हात धुण्यापुरतं. १०० मीटरवर पोहायला हरकत नाही, तेही गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) चांगली असेल तर. जुन्या जनतेला पाऊस आणि घाम दोन्ही वर्ज्य. केळीच्या बागेत पाणी भरायला जाताना ती घालून जाणारे काका माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या डायलवर आता बुरशीचा नकाशा आहे.

टप्पा ७: आता भाव

किंमत चार भागांत फोडा: मशीन, केस-काच-पट्टा, नावाचे पैसे, आणि पुढच्या दहा वर्षांचा खर्च. चौथा भाग बहुतेक जण मांडतच नाहीत. चार-पाच वर्षांतून एकदा सर्व्हिसिंग धरा, म्हणजे दहा वर्षांत दोनदा. तुमच्या गावात हे मशीन खोलणारा आहे का, की धुळ्याला, जळगावला किंवा थेट पुण्याला पाठवावं लागेल, हे आजच विचारून दर वहीत लिहा. चावीचं साधं मशीन खोलणारा माणूस तालुक्याच्या गावातही सापडतो. सुट्या भागांचं वेगळं: एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली, त्यामुळे भाग येतात ते जुन्या बंद घड्याळांतून. ४आर३६चे भागच काय, अख्खं मशीनही बदलून मिळतं.

नावाच्या पैशांना मी चूक म्हणत नाही. जावयाला देताना ते कामाला येतात. फक्त ते मशीनच्या रकान्यात लिहू नका.

विकणाऱ्याशी बोलताना वहीचं पान पुढे करा. "जरा कमी करा" म्हटल्याने शंभर सुटतात. "क्राऊन खाली -४० आहे, झोका २१०" म्हटलं की सर्व्हिसिंगचा अख्खा खर्च वजा करून मागता येतो.

माझ्या जोडीत रोजच्या वापराला सीको राहिलं, आणि जनता धुवायला टाकली. ती परत आली की तिचं जुनं पान बंद करून नवं उघडायचं, आणि टप्पा २ पासून पुन्हा. सर्व्हिसिंगआधीचे आणि नंतरचे आकडे एका सरासरीत घालायचे नाहीत. शिवाय नव्या तेलावर पहिले चार-पाच दिवस नोंद घेऊ नका, चाल बसू द्या.